मॅग्नेशियम पूरके आणि मधुमेह

मॅग्नेशियम पूरके म्हणजे मॅग्नेशियम या खनिजाचे क्षार असलेल्या गोळ्या, चूर्णे किंवा द्रावणे होत. आहारातून मिळणारे मॅग्नेशियम अपुरे पडत असल्यास किंवा आजारामुळे ते शरीरातून अधिक प्रमाणात बाहेर पडत असल्यास त्यांचा उपयोग केला जातो. प्रकार २ च्या मधुमेहात रक्तातील मॅग्नेशियम कमी असण्याचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक आढळते. त्यामुळे ही पूरके घेतल्यास रक्तशर्करा, रक्तदाब आणि इन्शुलिनची परिणामकारकता सुधारते काय, हा प्रश्न अनेक दशके अभ्यासला जात आहे. उपलब्ध पुराव्यांनुसार, कमतरता सिद्ध झालेल्या रुग्णांना पूरकांचा काही लाभ होऊ शकतो. मात्र प्रत्येक मधुमेही व्यक्तीने ती सरसकट घ्यावीत, अशी शिफारस प्रमुख वैद्यकीय संस्था करीत नाहीत. मॅग्नेशियम हे मधुमेहावरील औषधांना किंवा इन्शुलिनला पर्याय नाही. मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांसाठी ते धोकादायकही ठरू शकते.

## पार्श्वभूमी

मॅग्नेशियम हे नाव ग्रीसमधील थेसली प्रांताच्या मॅग्नेशिया या भागावरून आले आहे. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये हे मूलद्रव्य प्रथम वेगळे केले. त्याचे क्षार औषध म्हणून त्याआधीपासूनच वापरात होते. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) रेचक म्हणून घेतले जाई. ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ (मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे पांढरे मिश्रण) आम्लपित्त व बद्धकोष्ठता यांवर आजही वापरले जाते.

मधुमेहाशी मॅग्नेशियमचा संबंध विसाव्या शतकाच्या मध्यास लक्षात येऊ लागला. मधुमेहातील आम्लविषबाधेच्या (कीटोॲसिडोसिस) रुग्णांच्या रक्तातील पोटॅशियम, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्या पातळ्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या मधुमेहींमध्येही मॅग्नेशियमची पातळी कमी असल्याचे दिसून आले. १९८४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये उपाशीपोटीचे रक्तद्रवातील मॅग्नेशियम आणि शरीराकडून होणारा ग्लुकोजचा विनियोग यांच्या संबंधावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक डॉ. चित्तरंजन याज्ञिक होते. पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातून त्यांनी भारतीयांमधील मधुमेहावर दीर्घकाळ संशोधन केले.

## शरीरातील कार्य

प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत आणि उरलेले बहुतांश स्नायू व इतर मऊ ऊतींच्या पेशींमध्ये असते. रक्तद्रवातील वाटा एक टक्क्याहून कमी असतो. तीनशेहून अधिक विकरांच्या (एंझाइमांच्या) कार्यासाठी मॅग्नेशियमची गरज भासते. पेशींचे ऊर्जाचलन मानला जाणारा एटीपी हा रेणू बहुतेक ठिकाणी मॅग्नेशियमशी जोडलेल्या रूपातच वापरला जातो.

इन्शुलिनच्या संदर्भात मॅग्नेशियमची भूमिका दोन ठिकाणी महत्त्वाची ठरते.

* इन्शुलिन तयार होताना : स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तातील ग्लुकोजचा अंदाज ग्लुकोकायनेज या विकराच्या साहाय्याने घेतात. हे विकर मॅग्नेशियमयुक्त एटीपी वापरते. इन्शुलिन स्रवण्याचा संकेत देणाऱ्या पोटॅशियम मार्गिकांवरही मॅग्नेशियमचा प्रभाव असतो.
* इन्शुलिनचा परिणाम होताना : इन्शुलिन पेशीवरील ग्राहकाला चिकटल्यानंतर ग्राहकाचा आतील भाग (टायरोसिन कायनेज) सक्रिय होतो आणि ग्लुकोज आत घेण्याचा संदेश पुढे जातो. पेशीत मॅग्नेशियम कमी असल्यास हा संदेश क्षीण होतो, म्हणजेच इन्शुलिन-रोध वाढतो.

## मधुमेहातील कमतरता

विविध रुग्णालयीन पाहण्यांमध्ये प्रकार २ च्या मधुमेहींपैकी सुमारे १३.५ ते ४७.७ टक्के व्यक्तींमध्ये रक्तातील मॅग्नेशियम कमी आढळले आहे. मधुमेह नसलेल्या तुलनेच्या गटांत हे प्रमाण सुमारे २.५ ते १५ टक्के होते. रुग्णांची निवड आणि ‘कमी’ ठरविण्याची मर्यादा सर्वत्र सारखी नसल्यामुळे या आकड्यांत मोठी तफावत दिसते.

### कारणे

* लघवीवाटे होणारा ऱ्हास : रक्तशर्करा बरीच वाढली की ग्लुकोज लघवीत उतरते व आपल्याबरोबर पाणी आणि क्षारही ओढून नेते. शिवाय मूत्रपिंडाच्या नलिकांमधून मॅग्नेशियम परत शोषून घेणाऱ्या टीआरपीएम-६ या मार्गिकेला इन्शुलिनकडून चालना मिळते. इन्शुलिन-रोध असल्यास ही चालना कमी पडते, असे मानले जाते.
* औषधे : रक्तदाब व सूज यांसाठी दिली जाणारी काही मूत्रल औषधे (थायझाइड व लूप गट) लघवीतील मॅग्नेशियम वाढवितात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी आम्लरोधक औषधे दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियमची पातळी घसरू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०११ मध्ये याविषयी इशारा दिला होता. याउलट, एसजीएलटी-२ रोधक गटातील मधुमेहाच्या औषधांमुळे ही पातळी किंचित वाढते.
* पचनसंस्था : मेटफॉर्मिनमुळे किंवा मधुमेहजन्य चेताविकारामुळे वारंवार होणारे जुलाब.
* आहार : पॉलिश केलेला तांदूळ, मैदा व साखर यांचे प्रमाण अधिक आणि भरड धान्ये, कडधान्ये व पालेभाज्या यांचे प्रमाण कमी असणे.
* मद्यपान : दीर्घकाळच्या मद्यपानामुळेही लघवीतून मॅग्नेशियम अधिक जाते.

येथे कारण व परिणाम एकमेकांत गुंतलेले आहेत. वाढलेल्या शर्करेमुळे मॅग्नेशियम घटते आणि घटलेल्या मॅग्नेशियममुळे इन्शुलिन-रोध वाढतो, असे दुष्टचक्र संभवते. त्यामुळे ‘मधुमेहींमध्ये मॅग्नेशियम कमी असते’ या निरीक्षणावरून ‘मॅग्नेशियमच्या कमतरतेमुळेच मधुमेह होतो’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

### लक्षणे व निदान

सौम्य कमतरतेची लक्षणे बहुधा दिसत नाहीत. कमतरता वाढल्यास भूक मंदावणे, थकवा, स्नायूंमध्ये पेटके व थरथर, हातापायांना मुंग्या येणे असे त्रास होतात. तीव्र कमतरतेत झटके येऊ शकतात व हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. अशा वेळी रुग्णालयात शिरेवाटे मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते. मॅग्नेशियम घटलेले असताना रक्तातील पोटॅशियम व कॅल्शियमही घटू शकतात आणि मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय ते सहसा पूर्ववत होत नाहीत.

मुंग्या, पेटके आणि थकवा ही लक्षणे केवळ मॅग्नेशियमच्या कमतरतेची नव्हेत. मधुमेहजन्य चेताविकार, मेटफॉर्मिनच्या दीर्घ वापरातून येणारी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि रक्तक्षय यांतही ती दिसतात. त्यामुळे केवळ लक्षणांवरून पूरक सुरू केल्यास मूळ आजार दडून राहण्याची शक्यता असते.

निदानासाठी रक्तातील मॅग्नेशियम तपासले जाते. सर्वसाधारण पातळी दर डेसिलिटरला सुमारे १.८ ते २.३ मिलिग्रॅम असते. प्रयोगशाळेनुसार या मर्यादा थोड्या बदलतात. बहुतांश मॅग्नेशियम पेशींत व हाडांत असल्यामुळे रक्तातील आकडा सामान्य असूनही शरीरातील साठा कमी असू शकतो. ही या तपासणीची मर्यादा आहे. तथापि नित्याच्या वापरासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी तपासणी नाही.

## संशोधन

### निरीक्षणात्मक अभ्यास

२००४ मध्ये अमेरिकेतील ८५,०६० स्त्रिया व ४२,८७२ पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहारातून सर्वाधिक मॅग्नेशियम घेणाऱ्या गटात प्रकार २ चा मधुमेह होण्याचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्या गटापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. २०११ मध्ये अशा १३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात पाच लाखांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. दररोजच्या आहारात १०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम अधिक असल्यास मधुमेहाचा धोका सुमारे १४ टक्के कमी असल्याचे त्यात दिसले.

या अभ्यासांचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगावी लागते. मॅग्नेशियम ज्या पदार्थांतून मिळते त्या अखंड धान्ये, डाळी, सुकामेवा व पालेभाज्या यांतच तंतुमय पदार्थ आणि इतर पोषक द्रव्येही असतात. असा आहार घेणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. त्यामुळे दिसलेला लाभ एकट्या मॅग्नेशियमचा आहे, असे म्हणता येत नाही.

### पूरकांच्या चाचण्या

कार्यकारणसंबंध तपासण्यासाठी यादृच्छिक नियंत्रित चाचण्या केल्या जातात. त्यांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडून एका गटाला पूरक व दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी (प्लासिबो) दिली जाते. मॅग्नेशियमविषयीच्या अशा चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

* ब्राझील, १९९८ : प्रकार २ च्या १२८ मधुमेहींना मॅग्नेशियम ऑक्साइडच्या दोन वेगवेगळ्या मात्रा किंवा प्लासिबो ३० दिवस देण्यात आले. सुमारे ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियमच्या मात्रेचा शर्करा-नियंत्रणावर परिणाम दिसला नाही. सुमारे १,००० मिलिग्रॅमच्या मात्रेने फ्रुक्टोसामिन हा निर्देशांक थोडा घटला.
* नेदरलँड्स, १९९८ : इन्शुलिन घेणाऱ्या ५० रुग्णांना तीन महिने दररोज सुमारे ३६५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम किंवा प्लासिबो देण्यात आले. मॅग्नेशियम घेणाऱ्यांच्या रक्तातील मॅग्नेशियम वाढले. पण शर्करा-नियंत्रणात फरक पडला नाही.
* मेक्सिको, २००३ : येथे मॅग्नेशियम कमी असलेलेच ६३ रुग्ण निवडण्यात आले होते. १६ आठवडे मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण घेतलेल्या गटाचे एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शर्करेचा निर्देशांक) अखेरीस ८.० टक्के होते, तर प्लासिबो गटाचे १०.१ टक्के. इन्शुलिन-रोधही कमी झाला.

२००६ मध्ये एकूण ३७० रुग्णांच्या नऊ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. पूरकांमुळे उपाशीपोटीची रक्तशर्करा दर डेसिलिटरला सरासरी १० मिलिग्रॅमने घटली. मात्र एचबीए१सीमधील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निश्चित मानता आली नाही. रक्तदाबाविषयी २०१६ मध्ये ३४ चाचण्यांचे विश्लेषण झाले, त्यात २,०२८ व्यक्तींचा समावेश होता. वरचा रक्तदाब सरासरी २ मिमी व खालचा सुमारे १.८ मिमी पाऱ्याने घटल्याचे त्यात आढळले. रक्तदाबाच्या औषधांनी साधणाऱ्या घटीच्या तुलनेत ही घट अल्प आहे.

बहुतेक चाचण्या लहान व काही आठवड्यांच्याच होत्या. मॅग्नेशियम पूरकांमुळे मधुमेहींमधील हृदयविकार, मूत्रपिंडविकार किंवा मृत्यू टळतात, असे त्यांतून सिद्ध झालेले नाही.

## वैद्यकीय शिफारशी

अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने १९९२ मध्येच या विषयावर तज्ज्ञांचे सहमतीपत्र प्रसिद्ध केले होते. सर्व मधुमेहींची सरसकट तपासणी न करता कमतरतेचा धोका असलेल्यांचीच तपासणी करावी आणि कमतरता आढळल्यास ती भरून काढावी, असा त्याचा रोख होता. कमतरता नसताना केवळ शर्करा-नियंत्रणासाठी जीवनसत्त्वे वा खनिजांची पूरके घेण्याची शिफारस ही संस्था आजही करीत नाही.

## पूरकांचे प्रकार व मात्रा

गोळीत शुद्ध धातू नसून त्याचा क्षार असतो. त्यामुळे गोळीचे वजन आणि तिच्यातील प्रत्यक्ष मॅग्नेशियम यांत फरक असतो. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये वजनाच्या सुमारे ६० टक्के, सायट्रेटमध्ये सुमारे १६ टक्के, तर जलयुक्त क्लोराइडमध्ये सुमारे १२ टक्के मॅग्नेशियम असते. ऑक्साइडमध्ये प्रमाण अधिक असले, तरी ते पाण्यात फारसे विरघळत नसल्याने कमी शोषले जाते. सायट्रेट, क्लोराइड व ग्लायसिनेट यांचे शोषण तुलनेने चांगले होते. वेष्टनावरील आकडा क्षाराचा आहे की प्रत्यक्ष मॅग्नेशियमचा, हे पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते.

अमेरिकेतील निकषांनुसार ३० वर्षांवरील पुरुषांची दैनंदिन गरज ४२० मिलिग्रॅम व स्त्रियांची ३२० मिलिग्रॅम आहे. तेथे केवळ पूरके व औषधे यांतून घ्यावयाची कमाल मर्यादा ३५० मिलिग्रॅम ठरविण्यात आली असून युरोपातील मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. अन्नातील नैसर्गिक मॅग्नेशियमला ही मर्यादा लागू होत नाही. अनेक चाचण्यांतील मात्रा या मर्यादेहून अधिक होत्या व त्या वैद्यकीय देखरेखीखाली दिल्या गेल्या होत्या.

## दुष्परिणाम व सावधगिरी

जुलाब, मळमळ व पोटात मुरडा हे नेहमीचे दुष्परिणाम होत. निरोगी मूत्रपिंडे जादा मॅग्नेशियम लघवीवाटे टाकून देतात. मधुमेहात मात्र कालांतराने मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो आणि त्याची सुरुवात बहुधा रुग्णाच्या लक्षात येत नाही. अशा स्थितीत मॅग्नेशियम रक्तात साचू लागते. परिणामी रक्तदाब घसरणे, गुंगी, स्नायूंची दुर्बलता व हृदयाचे ठोके मंदावणे असे त्रास होतात. अतितीव्र अवस्थेत श्वसन व हृदयक्रिया बंद पडू शकते. ‘खनिज आहे, अपाय होणार नाही’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. पूरक सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिनची तपासणी करणे इष्ट मानले जाते. मॅग्नेशियमयुक्त रेचके व आम्लपित्ताची औषधे यांनाही हेच लागू होते.

मॅग्नेशियममुळे काही औषधांचे शोषण कमी होते. थायरॉइडची लिव्होथायरॉक्सिन गोळी, टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन गटांतील प्रतिजैविके आणि हाडांच्या ठिसूळपणावरील बिस्फॉस्फोनेट औषधे यांचा त्यांत समावेश होतो. अशी औषधे व पूरक यांच्या वेळांमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते.

## आहारातील मॅग्नेशियम

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक सारणीनुसार धान्यांतील मॅग्नेशियम पुढीलप्रमाणे आहे.

| धान्य (कच्चे, १०० ग्रॅम) | मॅग्नेशियम (मिलिग्रॅम, सुमारे) |
|---|---|
| नाचणी | १४६ |
| ज्वारी | १३३ |
| गव्हाचे पीठ (कोंड्यासह) | १२५ |
| बाजरी | १२४ |
| पांढरा तांदूळ | १९ |

धान्यातील मॅग्नेशियम मुख्यतः कोंडा व अंकुर यांत असते. त्यामुळे तांदूळ पॉलिश करताना किंवा गव्हाचा मैदा करताना त्याचा बराचसा भाग निघून जातो. तीळ, भुईमूग, बदाम, हरभरा व इतर कडधान्ये आणि हिरव्या पालेभाज्या हेही मॅग्नेशियमचे चांगले स्रोत आहेत. क्लोरोफिल या हिरव्या रंगद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमच असते. धान्यांतील फायटेट मॅग्नेशियमचे शोषण काहीसे कमी करते. भिजविणे, मोड आणणे व आंबविणे या प्रक्रियांनी फायटेट घटते.

## महाराष्ट्रातील संदर्भ

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार राज्यातील ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता. याच पाहणीच्या २०२३ मधील देशव्यापी निष्कर्षांनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत.

राज्यातील सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. मालदांडी ज्वारी या भागाची ओळख असून मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे कर्नाटकच्या सीमेलगतचे नगरपरिषदेचे गाव सोलापूर–वाडी लोहमार्गावर असून तूर व अन्य शेतमालाची बाजारपेठ म्हणून परिचित आहे. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा बोलल्या जाणाऱ्या या पट्ट्यात ज्वारीची भाकरी (कन्नडमध्ये ‘जोळद रोट्टी’), कडक भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी व पालेभाजी हा पारंपरिक आहार आहे. यातील प्रत्येक पदार्थ मॅग्नेशियम पुरवितो. ५० ते ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीच्या पिठात साधारणतः ६५ ते ८० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० ते १२ मिलिग्रॅम असते. ज्वारीऐवजी पॉलिश केलेला भात, मैद्याची बिस्किटे व बेकरीचे पदार्थ यांचा वाटा वाढला, तर कोणतीही जाणीव न होता मॅग्नेशियमचा पुरवठा घटतो.

तथापि ज्वारी हे मधुमेहावरील औषध नव्हे. तिच्यात १०० ग्रॅममागे ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. त्यामुळे भाकरीचेही प्रमाण मोजूनच ठेवावे लागते. शेंगदाण्याच्या चटणीत स्निग्धांश व मीठ असते. मूत्रपिंडविकार झालेल्या रुग्णांना डाळी, शेंगदाणे व पालेभाज्या यांच्या प्रमाणाविषयी स्वतंत्र सल्ला लागतो.

पिण्याच्या पाण्यातूनही थोडे मॅग्नेशियम मिळते. दख्खनच्या बेसाल्ट खडकांतील विहिरी व कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. हा जडपणा कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येतो. भारतीय मानक ब्युरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत मॅग्नेशियम स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसल्यास १०० मिलिग्रॅमपर्यंत चालू शकते. आरओ पद्धतीने शुद्ध केलेल्या पाण्यातून इतर क्षारांबरोबर मॅग्नेशियमही बहुतांशी निघून जाते.

## कायदेशीर बाबी

भारतात आहारपूरके भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमावलीखाली येतात. त्यांच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ या अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश असल्यामुळे एखाद्या उत्पादनाने मधुमेह बरा होतो, अशी जाहिरात करण्यास मनाई आहे. अशा दाव्यांवर विसंबून चालू औषधे किंवा इन्शुलिन थांबविल्यास रक्तशर्करा अनियंत्रित होते आणि त्याच वाढलेल्या शर्करेमुळे लघवीवाटे मॅग्नेशियमचा ऱ्हासही वाढतो.

## हे सुद्धा पहा

* मधुमेह
* इन्शुलिन
* मॅग्नेशियम
* ज्वारी
* दुधनी